जुन्या वेल्डिंग-सेटची पारख

इंग्रजी अमदानीतील गॅझेटिअरांत पनवेलच्या व्यापाराचा मजकूर चाळला, तर एका उद्योगाची नोंद आवर्जून केलेली आढळते, आणि तो उद्योग म्हणजे बैलगाडीची चाके. घाटावरून माल घेऊन उतरलेली बहुतेक प्रत्येक गाडी परतताना येथून चाकांची जोडी घेऊन जाई. त्या चाकावर चढणारी लोखंडी धाव मुळात एक सरळ पट्टी. तिची दोन टोके भट्टीत पांढरीफेक तापवून, टाकणखार वा वाळू शिंपडून, ऐरणीवर घणाखाली एकजीव करणाऱ्या लोहारांनी धातुसंधानाची विद्या विजेच्या पुष्कळ आधीच हस्तगत केली होती. आज त्याच तालुक्यात कळंबोलीचा पोलाद-बाजार आणि तळोज्याची औद्योगिक वसाहत आहे. अशा मुलखात बंद पडलेल्या शेडमधून किंवा भंगाराच्या राशीतून एखादा पाच-सहा दशकांपूर्वीचा वेल्डिंग-सेट निघाला, तर त्यात नवल नाही. नवल याचे वाटते, की तो हाती येताच लोक प्रथम त्याला वीज जोडून पाहतात.

वास्तविक प्रथम वाचावी ती त्याची नामपट्टिका. तिच्यावरील गंज तारेच्या ब्रशने खरवडू नये; रॉकेलात भिजवलेल्या मऊ फडक्याने पुसून, वर पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवली, की ठोकलेली अक्षरे बहुधा उमटतात. वारंवारितेपुढे ‘सायकल्स’ असेल, तर यंत्र जुन्या प्रघाताचे समजावे, कारण ‘हर्ट्‌झ’ या एककास आंतरराष्ट्रीय मान्यता १९६० साली मिळाली. पत्त्यात ‘कुलाबा’ जिल्हा असेल, तर पट्टिका सामान्यतः १९८१च्या आधीची, कारण त्या वर्षी जिल्ह्याचे नाव रायगड झाले. कंपनीचे नावही असाच दाखला देते. १९३५ साली स्थापन झालेली ‘इंडियन ऑक्सिजन अँड ॲसिटिलीन’ पुढे ‘इंडियन ऑक्सिजन’, मग ‘बीओसी इंडिया’ आणि अखेरीस ‘लिंडे इंडिया’ झाली. १९५१ साली मुंबईत उदयास आलेल्या ‘अडवाणी-ओर्लिकॉन’ने २००३ साली ‘अडोर वेल्डिंग’ हे नाव धारण केले. गॅसच्या मापकावर केवळ पौंडांचे आकडे असतील, तर १९५६च्या वजनेमापे कायद्याने आणलेली दशमान पद्धत तिथवर पोचली नव्हती, असा तर्क करता येतो. आयात मालाच्या बाबतीत मात्र तो फसवा ठरतो. शिवाय जुन्या वतनाच्या कागदांप्रमाणे या पट्टिकाही कधी एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर चढतात. म्हणून पेटीची घडण, चक्राची धाटणी आणि केबल-बोल्टांचे आटे यांची साक्ष जुळल्याखेरीज पट्टिकेवर विसंबू नये.

पारख झाली, की पेटी उघडावी; पण वीज तोडून, आणि आत शक्तिगुणक सुधारण्यासाठी कपॅसिटर बसवला असेल, तर तो योग्य रोधातून निर्भार करून व मीटरने पडताळून. जुन्या कपॅसिटरांत व तेलांत पीसीबी हे चिवट विष असू शकते. १९२९पासून सुमारे पन्नास वर्षे त्याचा औद्योगिक उपयोग सर्रास होत होता. म्हणून तेलाने थंड होणाऱ्या सेटमधील तेल चाचणीविना ओतू अथवा जाळू नये. उष्णतारोधक पांढरट-करडे तंतुमय अस्तर दिसले, तर ते ॲस्बेस्टॉस मानावे, कोरडे खरडू नये आणि फुंकर तर मुळीच मारू नये. ज्या कारागिराला एवढाही धीर नाही, त्याने पेटी पुन्हा बंद करावी, हे उत्तम.

कोकणातील चार महिन्यांच्या पावसाने सुती वेष्टणाच्या तारा पाणी पितात. पेटीत मंद ऊब राखून त्या सावकाश वाळवाव्यात, आणि पाचशे व्होल्टच्या मेगरने मुख्य वळण, वेल्डिंगचे वळण व लोखंडी पेटी यांच्यातील निरोधन तपासावे. पहिल्या दोहोंमधील वाचन पाच मेगओहमच्या खाली राहिले, तर सेट चालू करण्याचा हट्ट सोडावा. पेटीला स्वतंत्र अर्थिंग हवेच. कामाच्या तुकड्याला लावलेली परतीची केबल त्याचे काम करीत नाही. ठिणगी पडण्यापूर्वी होल्डरवर सुमारे ऐंशी व्होल्ट उभे असतात, आणि घामाने भिजलेल्या अंगाला तेवढे पुरतात. इतके सांभाळले, तर हातचक्राने गाभा सरकवून प्रवाह बदलणारा जुना सेट दहा नंबरची काडी आजही निमूटपणे जाळतो. त्याच्या दुरुस्तीत पैसा घालणे मला उधळपट्टी वाटत नाही.

गॅसच्या सामानाविषयी मात्र माझे मत अगदी निराळे आहे. आंबे पिकवण्याच्या बदनामीमुळे कार्बाइड घरोघरी ठाऊक झाले. त्यावर पाणी पडले, की किलोमागे २५० ते ३०० लिटर ॲसिटिलीन निघते, आणि लसणीसारखा वास येतो तो त्यातील फॉस्फिनचा. कार्बाइडची जुनी जनित्रे चालवण्याच्या नव्हे, फक्त पाहण्याच्या लायकीची आहेत. दर चौरस इंचाला पंधरा पौंडांपलीकडे मोकळे ॲसिटिलीन स्वतःच फुटू शकते. शुद्ध तांब्याच्या नळीत ते जाऊ दिले, तर तेथे स्फोटक ॲसिटिलाइड जमते. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेलाचा थेंबही लावू नये. पडदा फाटला असेल, तर घरगुती रबर कापून बसवण्यापेक्षा नवा रेग्युलेटर घ्यावा. जुने ॲसिटिलीन सिलिंडर रिकामे वाटले, तरी त्याच्या पोटातील सच्छिद्र भरावात ॲसिटोन व गॅस मुरलेला असतो. ते उघडण्याचा वा कापण्याचा विचारही करू नये. नागपूरस्थित पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचा परवाना असलेल्या भरणा-केंद्राच्या हवाली करावे, आणि भंगारवाल्याने कितीही भाव सांगितला, तरी त्याला देऊ नये.