हवाली केलेला मनुष्य

ज्यास आपण व्यसनी म्हणतो त्यास इंग्रजीत ‘ॲडिक्ट’ हा शब्द लावतात. हा शब्द मूळचा वैद्याचा नव्हे, की नीतीचा उपदेश करणाऱ्या पंडिताचाही नव्हे. तो न्यायकचेरीतला, आणि त्यातही सावकारीच्या दाव्यातला शब्द आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. त्याचा इतिहास केवळ भाषापंडितांच्या करमणुकीचा असता तर आम्ही त्यासाठी हा स्तंभ खर्ची घातला नसता. परंतु ज्या नावाने समाज एखाद्या मनुष्यास हाक मारतो, त्याच नावाप्रमाणे त्यास वागवू लागतो. म्हणून हा इतिहास व्यापारी व गृहस्थ अशा सर्वांनीच ऐकण्यासारखा आहे.

लॅटिन भाषेत ‘ॲडिकेरे’ म्हणजे न्यायाधीशाने उच्चार करून एखादी वस्तू अमक्याची म्हणून ठरवून देणे. ज्यास असे देऊन टाकले तो ‘ॲडिक्टस’. इसवी सनापूर्वी 451 व 450 च्या सुमारास रोमन लोकांनी आपले कायदे बारा पाट्यांवर लिहून काढले. त्यांत कर्जदाराची वाट स्पष्ट आखून दिली आहे. निवाडा झाल्यावर पैसा भरण्यास 30 दिवसांची मुदत. तेवढ्यात भरणा न झाल्यास धनकोने ऋणकोवर हात टाकून त्यास न्यायाधीशापुढे ओढीत न्यावे. तेथे त्याच्या वतीने उभा राहणारा कोणी पुढे आला नाही, तर धनकोने त्यास घरी नेऊन बांधून ठेवावे. ही कैद 60 दिवसांची. त्या मुदतीत लागोपाठ तीन बाजारांच्या दिवशी त्यास चारचौघांत आणून देण्याची रक्कम पुकारावयाची. तरीही कोणास दया आली नाही, तर त्याचा वध करावा किंवा टायबर नदीपलीकडे त्यास गुलाम म्हणून विकावे! कर्ज रुपयांचे, पण तारण मनुष्याच्या देहाचे, असा हा न्याय होता.

इसवी सनापूर्वी 326 साली, लिव्ही ह्या इतिहासकाराच्या कथनाप्रमाणे, रोममध्ये असा कायदा झाला की कर्जास ऋणकोची मालमत्ता जबाबदार असावी, देह असू नये. देह गहाण टाकण्याचा करार ह्यामुळे संपला. तथापि निवाड्याने मनुष्य हवाली करण्याची चाल त्यानंतरही पुष्कळ काळ टिकली. कायदा एका दिवसात होतो. चाल मोडण्यास पिढ्या लागतात.

पुढे हा शब्द कचेरीबाहेर पडला. मनुष्य स्वतःच स्वतःस एखाद्या कार्यास वाहून घेतो, अशा अर्थी लॅटिन लेखक तो योजू लागले. इंग्रजीत तो 16 व्या शतकात आला तेव्हा त्यास कलंक नव्हता. 1611 च्या इंग्रजी बायबलात संतजनांच्या सेवेस वाहून घेतलेल्या एका कुटुंबाविषयी हाच शब्द गौरवाने आला आहे. स्पॅनिश भाषेत ‘आदिक्तो’ म्हणजे एखाद्या पक्षाचा वा पुरुषाचा निष्ठावंत अनुयायी, हा अर्थ अद्यापि आहे. इटालियनमध्ये ‘आद्देत्तो’ म्हणजे एखाद्या कामावर नेमलेला माणूस. इंग्रजीत मात्र विसाव्या शतकाच्या आरंभापासून अफू, मॉर्फिन इत्यादिकांच्या आहारी गेलेल्या मनुष्याचे ते नामच होऊन बसले. एकच शब्द, पण एका देशी तो नोकर झाला, दुसऱ्या देशी भक्त झाला, आणि तिसऱ्या देशी बंदिवान.

आपल्या भाषेतही असेच घडले आहे. संस्कृतात ‘व्यसन’ म्हणजे संकट हा अर्थ चांगला रूढ होता; कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण राज्यावरील व्यसनांचे, म्हणजे आपत्तींचे आहे, आणि द्यूत, मद्य इत्यादि दुर्गुणांचाही विचार तेथेच केला आहे. मराठीत आपत्ती मागे पडली व दुर्गुण तेवढा राहिला. तथापि ‘व्यसनाधीन’ ह्या शब्दात जुना अर्थ अजून जिवंत आहे. अधीन म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला. रोमन ‘ॲडिक्टस’ तरी याहून निराळा कोण होता?

कर्जाच्या बाबतीत आम्ही हळूहळू शहाणे झालो. 1875 साली सुपे येथे व आसपास सावकारांविरुद्ध दंगे झाले, तेव्हा 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने शेतकऱ्यास पैशाच्या हुकूमनाम्यासाठी अटक करण्याची वाट बंद केली. 1936 साली दिवाणी कार्यविधीत अटी घालून इतर ऋणकोंचेही संरक्षण केले. 1980 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की केवळ ऐपत नाही म्हणून कोणास तुरुंगात घालता येणार नाही. ऋणकोची लबाडी दिसली पाहिजे.

मग जो मादक द्रव्याचा ऋणको झाला, त्याच्याशी आमचा व्यवहार कसा असावा? 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यात 2001 साली दुरुस्ती होऊन ‘ॲडिक्ट’ म्हणजे त्या द्रव्यावर अवलंबून झालेला मनुष्य, अशी व्याख्या ठरली. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीनेही 1964 साली ‘अवलंबित्व’ हाच शब्द सुचविला होता. त्या कायद्याच्या 27 व्या कलमात सेवनाबद्दल शिक्षा आहे. पण 39 व्या कलमाने शिक्षेऐवजी उपचारासाठी सोडण्याचा अधिकार न्यायालयास आहे, आणि जो आपण होऊन उपचार घेतो त्यास 64-अ कलम खटल्यापासून अटींसह संरक्षण देते. कायद्याने दार उघडे ठेवले आहे. तेथवर मनुष्यास पोचविणारा कोण, हाच प्रश्न आहे.

हे काम एकट्या सरकारचे नव्हे. आरोपीचा पक्ष घेणाऱ्या वकिलाने ही कलमे पहिल्याच भेटीत सांगावी. पेढीवरील कारकून दारूच्या आहारी गेला तर त्याचा हिशेब चुकता करून त्यास रस्त्यावर लोटण्याआधी मालकाने त्यास वैद्याकडे धाडावे. घरच्यांनी अब्रूच्या भीतीने त्यास दाराआड कोंडून ठेवू नये. रोमच्या त्या कठोर कायद्यानेसुद्धा एक गोष्ट मान्य केली होती: ऋणकोच्या वतीने एखादा मनुष्य पुढे येऊन उभा राहिला, तर धनकोचा हात थांबे. आमच्या प्रत्येक गल्लीत असा एकेक मनुष्य उभा राहील तर पुष्कळ हवाली झालेले लोक परत घरी येतील.