विश्लेषण : वढूची माती मॉरिशसला नेता येते का? पासपोर्टपासून बॅगेपर्यंत काय सांभाळावे?

दरवर्षी फाल्गुन अमावास्येला शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीवर नतमस्तक होण्यासाठी राज्यभरातून लोक येतात. कुणी ज्योत पेटवून आपल्या गावी नेतो, कुणी समाधीजवळची चिमूटभर माती पुडीत बांधून घेतो. आता परदेश प्रवास गावागावांत पोहोचला आहे. मॉरिशसमधील मोका येथे २८ एप्रिल २०२३ रोजी शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. त्या पुतळ्यापाशी वढूची माती वाहावी, असे इथल्या माणसाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. पण ती पुडी विमानतळावर अडेल. का, ते पुढे पाहू. आधी तिथपर्यंत पोहोचायचे कसे?

मॉरिशसच का?

पहिल्या परदेशवारीसाठी हा देश मराठी माणसाला सोयीचा आहे. ऊसतोडीच्या मजुरीसाठी भारतीय मजुरांना तिथे नेण्यास १८३४ पासून सुरुवात झाली. मुंबई बंदरातूनही बोटी सुटल्या आणि त्यांतून कोकणातली अनेक कुटुंबे गेली. हे मजूर ज्या घाटावर उतरत, तो पोर्ट लुईचा ‘आप्रवासी घाट’ २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुटी असते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवली जाते. अर्थात, रस्त्यावर मराठी ऐकू येईल अशी अपेक्षा ठेवू नये. तिथे क्रिओल आणि फ्रेंच चालते, सरकारी कामकाज इंग्रजीत होते. मोडकेतोडके इंग्रजी किंवा हिंदी बोलता आले, तरी अडत नाही. सगळा देश सुमारे २,०४० चौरस किलोमीटरचा, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या साधारण आठव्या हिश्श्याइतका. मुंबईहून थेट विमानाने सुमारे सहा तास लागतात. घड्याळ दीड तास मागे घ्यायचे.

खरी अडचण कुठे येते?

व्हिसापेक्षा पासपोर्टपाशी, आणि तीही घरातल्या ज्येष्ठांच्या. आधार कार्डावर ‘लक्ष्मीबाई’, शाळेच्या दाखल्यावर ‘लक्ष्मी’, पॅनवर माहेरचे आडनाव, असे प्रकार ग्रामीण भागात घरोघरी आहेत. जन्मतारखेचेही तेच. गुरुजींनी शाळेत घालताना १ जून लिहिली आणि पुढे तीच चिकटली. हल्ली किती आजी-आजोबांचा वाढदिवस १ जूनला येतो, हे नातवंडांना विचारावे! ती तारीख खरी की खोटी, यापेक्षा सगळ्या कागदांवर ती एकच आहे का, हे महत्त्वाचे. त्यामुळे विमानाचे तिकीट काढण्याआधी सर्व कागद एका रांगेत मांडून नाव, तारीख, पत्ता जुळवून घ्यावेत. चूक असेल तर आधी आधार दुरुस्त करावे, मग अर्ज करावा. उलट क्रमाने गेल्यास फेऱ्या वाढतात. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळासाठी मात्र जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्म दाखलाच चालतो.

अर्ज ऑनलाइन भरून मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घेता येते. ३६ पानी पासपोर्टचे शुल्क १,५०० रुपये आहे. ६० वर्षांवरील अर्जदाराला नव्या पासपोर्टसाठी त्यात दहा टक्के सवलत मिळते. तत्काळसाठी २,००० रुपये जादा. वढूचा पत्ता असेल, तर पडताळणी शिक्रापूर पोलिसांकडून होते. त्या दिवसांत अर्जदार गावात हवा. मुलाकडे पुण्यात राहायला गेलेल्या आई-वडिलांची पडताळणी अशीच रखडते, कारण पोलीस येतात तेव्हा घराला कुलूप असते. एका शब्दाने मात्र घाबरू नये. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असा शेरा येऊ शकतो. तो ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांपुरता आहे. फिरायला जाणाऱ्याला त्याची आडकाठी नाही.

व्हिसा लागतो का?

भारतीय पर्यटकाला आधी व्हिसा काढावा लागत नाही. विमानतळावर उतरल्यावर मोफत प्रवेश मिळतो. मात्र परतीचे तिकीट, राहण्याच्या जागेचे आरक्षण आणि खर्चापुरते पैसे दाखवता आले पाहिजेत. नातेवाइकाकडे उतरणार असाल, तर त्यांचा पत्ता आणि फोन कागदावर लिहिलेला हवा. ‘मुलाच्या मोबाइलमध्ये आहे’ हे उत्तर इमिग्रेशनच्या खिडकीवर कामाचे नाही. निघण्यापूर्वीच्या ७२ तासांत मॉरिशस सरकारचा डिजिटल प्रवास अर्ज भरायचा, मग क्यूआर कोड येतो. हा अर्ज मोफत आहे. त्याच नावाने पैसे मागणारी खासगी संकेतस्थळे शोधात सर्वांत वर दिसतात, तिथे कार्डाचा नंबर टाकू नये. पासपोर्टची मुदत परतीनंतरही काही महिने शिल्लक असलेली बरी. नियमापेक्षा विमान कंपन्याच याबाबत जास्त काटेकोर असतात.

पैसे कसे न्यावेत?

तिथले चलनही रुपयाच, पण मॉरिशसचा रुपया आपल्या जवळपास दोन रुपयांइतका आहे. फळवाल्याने ‘शंभर’ म्हटले की मनात दुप्पट करायची. १२ फेब्रुवारी २०२४ पासून तिथे यूपीआय आणि रुपे कार्ड सुरू झाले आहे. मात्र यूपीआय अॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहाराची सोय भारतातून निघण्यापूर्वीच चालू करून घ्यावी. तरीही सगळीकडे ते चालेलच असे नाही, म्हणून थोडी रोकड हवी. भारतातून जाताना भारतीय रुपये २५,००० पर्यंतच नेता येतात. प्लग ब्रिटिश पद्धतीचे, तीन चौकोनी पायांचे असतात. साधा अॅडॉप्टर पुण्यातच घ्या. व्होल्टेज आपल्यासारखेच, त्यामुळे चार्जर जळण्याची भीती नाही.

मग मातीचे काय?

मॉरिशसची अर्थव्यवस्था दीडशेहून अधिक वर्षे उसावर उभी राहिली. बेटावर बाहेरची एखादी कीड वा रोग शिरला, तर पळून जायला दुसरे रान नाही. म्हणूनच तिथे उसाचा कोणताही भाग नेण्यास बंदी आहे, आणि मातीही परवानगीशिवाय नेता येत नाही. मातीत डोळ्यांना न दिसणारे जीवजंतू असतात. ती पवित्र आहे की शेतातली, हे तपासणाऱ्याला ठरवता येत नाही. बियाणे, रोपे, ताजी फळे, भाज्या यांनाही पूर्वपरवानगी लागते. ऊस पिकवणाऱ्या शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागू नये. आपल्या फडात कुठून तरी रोगट बेणे आले, तर काय होते, हे त्याला ठाऊक आहे. लेकीसाठी हापूसची पेटी किंवा परड्यातली तुळस नेण्याचा बेतही इथेच सोडावा. बंद पाकिटातला मसाला, चिवडा नेताना अर्जात खरे लिहावे. लपवलेली वस्तू सापडली, तर प्रकरण वाढते.

औषधांबाबतही चालढकल नको. झोपेच्या गोळ्या, ट्रॅमाडॉलसारखी तीव्र वेदनाशामके किंवा कोडीन असलेले खोकल्याचे औषध न्यायचे असेल, तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि तिथली पूर्वपरवानगी लागते. अमली पदार्थांविषयी तिथला कायदा फार कडक आहे. सिगारेट वळायचा कागद बाळगणेही गुन्हा आहे, आणि ई-सिगारेटवर बंदी आहे. शुगर, बीपीच्या गोळ्या मूळ पाकिटात, चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत ठेवाव्यात.

कधी जावे?

शंभूराजांचे बलिदान ११ मार्च १६८९ चे, तर १२ मार्च हा मॉरिशसचा राष्ट्रीय दिन. वढूत अभिवादन करून दुसऱ्या दिवशी तिथला सोहळा पाहावा, असा मोह होतो. पण जानेवारी ते मार्च हा तिथे चक्रीवादळांचा भर असतो. १५ जानेवारी २०२४ रोजी ‘बेलाल’ वादळाने पोर्ट लुईचे रस्ते पाण्याखाली गेले होते. वादळाचे इशारे चार वर्गांत दिले जातात. तिसरा वर्ग लागू झाला की बाहेर पडू नये. मे ते ऑक्टोबर थंड आणि कोरडे, म्हणजे गणेशोत्सवाचा काळ उत्तम. तेव्हा मराठी घरांतली आरती ऐकायला मिळते, आणि विसर्जनही पाहता येते. अडचण आली, तर पोलिसांसाठी ९९९, रुग्णवाहिकेसाठी ११४ आणि अग्निशमनासाठी ११५. पासपोर्ट हरवल्यास पोर्ट लुई येथील भारतीय उच्चायुक्तालय गाठावे.

एक शेवटची गोष्ट, बॅग भरताना लक्षात न येणारी. शेतात वापरलेले बूट बरोबर घेतले असतील, तर तळव्याला चिकटलेला चिखल ब्रशने घासून, धुऊन, वाळवूनच ठेवा. वढूची माती पुडीतून नाही, पण अशी बुटातून जाऊ शकते.