व्हेल रायडर

न्यूझीलंडमधील माओरी लोकांच्या जीवनावर आधारलेला एक प्रसिद्ध कौटुंबिक चित्रपट (२००२). ‘देवमाशावर आरूढ झालेली व्यक्ती’ असा शीर्षकाचा अर्थ. माओरी लेखक विती इहिमाएरा (१९४४– ) यांच्या द व्हेल रायडर (१९८७) या कादंबरीवरून निकी कॅरो यांनी त्याची पटकथा लिहिली व दिग्दर्शनही केले. चित्रपटाची भाषा मुख्यतः इंग्रजी असली, तरी काही संवाद, मंत्र व गीते माओरी भाषेत आहेत.

कथेच्या मुळाशी न्यूझीलंडच्या उत्तर बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरील एक पुराणकथा आहे. हावाइकी या माओरींच्या पुराणोक्त मूलभूमीत रुआतापु नावाच्या पुरुषाने, हीन जन्मावरून झालेल्या अवहेलनेचा सूड म्हणून, आपल्या भावांची होडी समुद्रात बुडविली. त्यांतील एक भाऊ देवमाशाच्या पाठीवरून किनाऱ्यास लागला व पाइकेआ या नावाने ख्यात झाला. गिझ्बर्न शहराजवळील फांगारा गावचे लोक स्वतःस त्याचे वंशज मानतात. तेथील सभागृहाच्या छपरावर देवमाशावर बसलेल्या पाइकेआची काष्ठमूर्ती आहे. इहिमाएरा यांना कादंबरीची कल्पना न्यूयॉर्कमधील वास्तव्यात सुचली. हडसन नदीत शिरलेला एक देवमासा आणि ‘साहसकथांचे नायक नेहमी मुलगेच का?’ ही त्यांच्या मुलींची तक्रार, ही तिची निमित्ते होत.

चित्रपटाच्या प्रारंभी टोळीप्रमुखाच्या घराण्यात जुळी अपत्ये जन्मतात. मुलगा व माता मृत्यू पावतात, मुलगी तेवढी वाचते. शोकाकुल पिता तिचे नाव पाइकेआ ठेवतो व परदेशी निघून जातो. आजोबा कोरो नातीचे प्रेमाने संगोपन करतात. परंतु प्रमुखपद पुरुषाकडेच गेले पाहिजे, हा त्यांचा आग्रह अढळ असतो. म्हणून ते गावातील ज्येष्ठ पुत्रांसाठी पाठशाळा काढतात आणि त्यांना वंशावळी, मंत्रपठन व ‘ताइआहा’ या लाकडी शस्त्राचे शिक्षण देऊ लागतात. पाइला तेथे मज्जाव असतो. ती दुरून पाहून व काकाकडून शिकून ही विद्या संपादन करते. आजोबांनी कसोटीसाठी समुद्रात फेकलेला देवमाशाचा दात एकाही मुलाला सापडत नाही. पाइ मात्र बुडी मारून तो वर आणते. पुढे देवमाशांचा कळप किनाऱ्यावर येऊन पडतो. त्यांना पाण्यात लोटण्याचे गावकऱ्यांचे प्रयत्न फसतात. तेव्हा पाइ सर्वांत मोठ्या माशाच्या पाठीवर बसून त्याला समुद्राकडे नेते आणि उरलेले मासे मागोमाग जातात. अखेरीस आजोबा तिचे नेतृत्व मान्य करतात व अर्धवट राहिलेली युद्धनौका पूर्ण होऊन समुद्रात उतरते.

वारसा म्हणजे केवळ जतन करावयाची वस्तू नसून तो पुढील पिढीने पेलावयाचा भार आहे, हा या चित्रपटाचा आशय. एका प्रसंगात कोरो नातीला दोर दाखवून सांगतात, की त्याच्या पेडांप्रमाणे पूर्वजांच्या पिढ्या एकमेकींत गुंफलेल्या आहेत. तोच दोर यंत्र सुरू करताना तुटतो. आजोबा दुसरा आणावयास जातात, तोवर पाइ तो सांधून यंत्र चालू करते. तरीही शाबासकीऐवजी तिला बोलणीच खावी लागतात. परंपरेची खंडित धारा सांधण्यास जी समर्थ आहे, तिलाच परंपरेचा रक्षक नाकारतो, हा पेच येथे थोडक्यात प्रकट होतो. दुसऱ्या महायुद्धानंतर माओरी मोठ्या प्रमाणावर शहरांत गेले आणि त्यांची भाषा क्षीण होत चालली. बालकांना मातृभाषेतून वाढविणाऱ्या ‘कोहांगा रेओ’ या शाळा १९८२ मध्ये सुरू झाल्या. १९८७ मध्ये माओरी ही अधिकृत भाषा ठरली. या पार्श्वभूमीवर कोरोंची चिंता निराधार ठरत नाही. चुकते ती त्यांची वारसाची निवड.

मूळ कादंबरीत कथेचे निवेदन मुख्यतः मुलीचा काका करतो, तर चित्रपटात ते स्वतः मुलीच्या मुखी आहे. चित्रीकरण फांगारा येथेच झाले व स्थानिक न्गाती कोनोही लोकांचे त्यास साहाय्य लाभले. छायाचित्रण लिऑन नार्बी यांचे व संगीत लिसा जेरार्ड यांचे आहे. पाइची भूमिका केइशा कासल-ह्यूझ हिने, कोरोंची राविरी पाराटेने यांनी, तर आजीची विकी हॉटन यांनी केली.

टोराँटो (२००२) व सनडान्स (२००३) या महोत्सवांत चित्रपटास प्रेक्षकपसंतीचे पुरस्कार मिळाले. पूर्वी अभिनयाचा अनुभव नसलेल्या केइशाला वयाच्या तेराव्या वर्षी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या ऑस्कर पुरस्कारासाठी नामांकन लाभले. या गटातील सर्वांत लहान नामांकित अभिनेत्री हा तिचा मान २०१३ पर्यंत टिकला.

चित्रपटावर आक्षेपही घेतले गेले. दिग्दर्शिका स्वतः माओरी नसल्याने त्यांच्या दृष्टिकोणाविषयी शंका व्यक्त झाली. तसेच माओरी परंपरा येथे वास्तवाहून अधिक पुरुषप्रधान दाखविली आहे, असेही टीकाकारांनी म्हटले. कारण याच पूर्व किनाऱ्यावर हिनेमातिओरोसारख्या उच्चकुलीन स्त्रीप्रमुख होऊन गेल्या. तथापि, एका छोट्या किनारी गावाची कथा तिच्या स्थानिक तपशिलांसह जगभरच्या आबालवृद्ध प्रेक्षकांपर्यंत पोहोचविण्याचे श्रेय या चित्रपटास दिले जाते.