पणजीत माफक दरात भोजन

काणकोण, सत्तरी अथवा पेडणे येथून सरकारी कामानिमित्त पणजीस येणाऱ्या ग्रामस्थास पहाटेची बस धरावी लागते. दिवसाची मजुरी बुडते, बसभाडे लागते आणि काम लांबल्यास दुपारचे जेवणही शहरातच घ्यावे लागते. सोबत घरची माणसे असल्यास हाच खर्च सर्वांत जड होतो.

सकाळी भाजीपाव घ्यावा. मुंबईची लोण्यात परतलेली पावभाजी ती ही नव्हे. येथे वाटाण्याची वा चण्याची पातळ भाजी व बटाट्याची सुकी भाजी मिळते. दोन्ही एकत्र मागितल्यास तशीही देतात. दोन पाव व चहा यांवर दुपारपर्यंत निभावते.

दुपारी मांडवीकाठच्या हॉटेलांकडे न वळता महानगरपालिकेच्या बाजाराभोवतालच्या खानावळी पाहाव्यात. दुकानांतील नोकर व कारकून जेथे रोज जेवतात तेथे दर फार चढे ठेवून चालत नाही, आणि शिजवलेले अन्न पडूनही राहत नाही. मासळीच्या थाळीत साधारणतः भात, हुमण, एखादी भाजी व सोलकढी असते. तळलेला मासा तीत धरलेला असतोच असे नाही. इसवण अथवा पापलेट तळून मागितल्यास त्याचा आकार निराळा पडतो व कित्येकदा तो थाळीहूनही अधिक भरतो. अनेकांची फसगत होते ती येथेच. तेव्हा मासा थाळीत आहे काय आणि भात पुन्हा वाढतात काय, हे बसण्यापूर्वीच विचारून घ्यावे. विचारण्यात कमीपणा नाही.

१ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असल्याने ताजी मासळी महाग होते. त्या दिवसांत उडुपी पद्धतीच्या उपाहारगृहातील शाकाहारी थाळी परवडते.

बिल मात्र वाचून पाहावे. ठोक दराने कर भरण्याची योजना स्वीकारलेल्या उपाहारगृहास गिऱ्हाइकाकडून वस्तू व सेवा कर वेगळा घेता येत नाही, आणि तसा उल्लेख बिलावर करणे त्यास बंधनकारक आहे. सेवा आकार तर सर्वस्वी ऐच्छिक होय. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो बिलात आपोआप जोडता येत नाही. जोडलेला आढळल्यास वगळण्यास सांगावे. दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदविता येते.