दोन गोळ्या, पण किती दिवस?

परवा सोलापुरात मामांची फाइल चाळत होतो. सौम्य स्ट्रोकनंतर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल सुरू झालेलं. वर्ष झालं तरी दोन्ही चालूच. मामी म्हणाल्या, "रक्त पातळ राहिलेलं बरंच की!" खरंच?

दोन्ही औषधं प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाहीत, पण वेगवेगळ्या मार्गांनी. म्हणून जोडीचा परिणाम जास्त, आणि रक्तस्रावाची भीतीही.

चीनमधल्या 'चान्स' चाचणीत (२०१३) ५,१७० रुग्ण होते. उपचार २४ तासांच्या आत सुरू. जोडी २१ दिवस, पुढे फक्त क्लोपिडोग्रेल. ९० दिवसांत पुन्हा स्ट्रोक आला तो नुसत्या ॲस्पिरिनवर ११.७ टक्के रुग्णांना, जोडीच्या गटात ८.२ टक्के. 'पॉइंट' चाचणीत (२०१८) जोडी पूर्ण ९० दिवस दिली. तिथेही फायदा दिसला, पण मोठा रक्तस्राव ०.४ वरून ०.९ टक्क्यांवर गेला.

पुढे २०१९ मध्ये दोन्ही चाचण्यांचा डेटा एकत्र करून काळानुसार तपासला. फायदा मुख्यतः पहिल्या २१ दिवसांतच होता. कारण पुन्हा स्ट्रोक येण्याचा धोका सुरुवातीच्या दिवसांत सर्वांत जास्त असतो. रक्तस्रावाचा धोका मात्र गोळ्या चालू असेपर्यंत राहतो.

म्हणून मित्रांनो, पेपर वाचताना शेवटच्या टक्केवारीवर थांबू नका. फायदा कोणत्या दिवसांत झाला, तेही बघा.

मामांना मी "गोळी बंद करा" म्हटलं नाही. स्टेंटसारखं दुसरं कारण असू शकतं. फाइल घेऊन डॉक्टरांना विचारा, एवढंच सांगितलं.