ठोकळ्यांचं अंतराळ, काड्यांचा सांधा

बिलुंड हे डेन्मार्कमधलं एक गाव. लोकवस्तीने पंढरपूर-टेंभुर्णी रस्त्यावरच्या आपल्या करकंबहून मोठं नव्हे. १९३२ च्या मंदीत तिथल्या ओले किर्क क्रिस्तियानसेन या सुताराची बांधकामाची कामं आटली, तेव्हा तो शिड्या, इस्त्रीचे पाट आणि लाकडी खेळणी करू लागला. लेगो हे नाव त्याच्याच कारखान्याचं. दुसरं महायुद्ध संपल्यावर त्याने प्लॅस्टिक साच्यात दाबून भरणारं यंत्र घेतलं आणि १९४९ मध्ये एकावर एक बसणारे ठोकळे काढले. ही कल्पना मुळात हिलरी फिशर पेज या इंग्रज खेळणीकाराची. तिचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. लेगोच्या याच कारखान्याने १९७८ साली ठोकळ्यांचं अंतराळ बाजारात आणलं. ते आधी अमेरिकेत विकलं गेलं आणि पुढच्या वर्षी युरोपात.

ठोकळ्यांची रॉकेटं त्याआधीही होती. अपोलो मोहिमांनंतर चंद्रावर उतरण्याचा एक संचही निघाला होता. पण त्यातले अंतराळवीर यानाच्या मानाने भलतेच मोठे होते. येन्स न्यूगोर क्नुसेन या लेगोच्या रचनाकाराने ही अडचण सोडवली. त्याने सुमारे चार सेंटिमीटर उंचीची बाहुली तयार केली. तिचे हात-पाय हलत, मुठीत वस्तू धरता येई आणि पायांतल्या भोकांमुळे ती ठोकळ्यावर घट्ट उभी राही. माणूस आला आणि त्याच्याबरोबर माप आलं. दार किती उंच, खुर्ची केवढी, यानाच्या पोटात गाडी मावेल का, या सगळ्याला आता उत्तर होतं. १९७८ मध्येच शहर, किल्ला आणि अंतराळ अशी तीन जगं या बाहुल्यांसाठी उभी राहिली. अंतराळाचं जगही क्नुसेननेच घडवलं.

त्या जगाचं रूप साधं होतं. निळी आणि करडी यानं, पिवळ्या पारदर्शक काचा, खड्ड्याखड्ड्यांची करडी जमीन. सुरुवातीचे अंतराळवीर लाल आणि पांढऱ्या पोशाखातले, छातीवर सोनेरी ग्रह आणि त्याला फेरी मारणारं छोटं यान. ‘गॅलेक्सी एक्सप्लोरर’ हे त्यांतलं सर्वांत गाजलेलं यान ३३८ तुकड्यांचं होतं. या अंतराळात शत्रू नव्हता. माणसं जात होती, तळ उभारत होती, मातीचे नमुने गोळा करत होती. एकमेकांसमोर उभे ठाकणारे गट १९८७ मध्ये आले. मला ही पहिली नऊ वर्षं फार मोलाची वाटतात. शोध घेणं एवढ्यावरच खेळ रंगू शकतो, हे त्यांनी दाखवलं.

काळही लक्षात घ्यायला हवा. चंद्रावरून शेवटचा माणूस १९७२ च्या डिसेंबरात परतला होता आणि अमेरिकेचं स्पेस शटल १९८१ च्या एप्रिलपर्यंत अवकाशात जाणार नव्हतं. आपल्याकडे त्या दिवसांत अंतराळाची चर्चा झाली ती भीतीपोटी. १९७९ च्या जुलैत स्कायलॅब ही अमेरिकेची अंतराळ प्रयोगशाळा कुणाच्या डोक्यावर पडणार, याची चर्चा गावोगावच्या पारावर होती. शेवटी तिचे अवशेष हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. खरं अंतराळस्थानक कोसळत होतं, तेव्हा मुलं जमिनीवर बसून नवी स्थानकं जोडत होती.

ही जोडणी टिकते कशी, हे आपण फारसं विचारत नाही. १९४९ चे ठोकळे खालून पोकळ होते. ते एकमेकांवर बसत, पण पटकन निसटत. ओले किर्क यांचा मुलगा गॉटफ्रेड याने २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटसाठी अर्ज केला. त्यातली सुधारणा एवढीच होती की ठोकळ्याच्या पोटात नळ्या घातल्या होत्या. वरच्या ठोकळ्याची नळी खालच्या ठोकळ्याच्या गोल खुंट्यांमध्ये शिरते. तिथली जागा नळीपेक्षा केसभर कमी असते. प्लॅस्टिक किंचित वाकतं, मूळ आकारात यायला बघतं आणि त्या ताणामुळे खुंटीला चिकटून राहतं. पुढचं काम घर्षण करतं. ताण जास्त झाला तर मुलाच्या हाताने ठोकळे सुटत नाहीत आणि कमी झाला तर यान हातात घेताच विस्कटतं. म्हणून साच्यांची अचूकता मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक ठेवावी लागते. करकंबच्या बाजारातून आणलेल्या स्वस्त ठोकळ्यांचं घर दोन दिवसांत ढिलं पडतं, त्याचं कारण बहुधा याच बारकाव्यात असतं. आधीचं सेल्युलोज अॅसिटेट कालांतराने वाकडं व्हायचं, म्हणून १९६३ पासून एबीएस हे अधिक चिवट प्लॅस्टिक आलं.

या मापांत एक सुंदर हिशेब दडला आहे. शेजारच्या दोन खुंट्यांच्या केंद्रांमधलं अंतर आठ मिलिमीटर, चपट्या तुकड्याची जाडी ३.२ मिलिमीटर. म्हणजे पाच चपटे तुकडे रचले की १६ मिलिमीटर होतात आणि दोन खुंट्यांची रुंदीही तेवढीच. त्यामुळे आडवे तुकडे उभ्या तुकड्यांशी बरोबर जुळवता येतात. भिंत बांधायला याची गरज पडत नाही. चहूबाजूंनी इंजिनं आणि पंख फुटलेल्या यानाला मात्र ती पडते. आठ खुंट्यांचे एकाच रंगाचे फक्त सहा ठोकळे घेतले तर ते किती प्रकारे जोडता येतील? कंपनी पूर्वी हा आकडा १०,२९,८१,५०० सांगत असे. त्यात एकावर एक असे सहा थरांचे मनोरेच धरले होते. सोरेन आयलर्स या डॅनिश गणितज्ञाने संगणकाच्या मदतीने सगळ्या रचना मोजल्या तेव्हा आकडा ९१,५१,०३,७६५ निघाला.

जोड वजनावर अवलंबून नाही, म्हणून तो अंतराळातही टिकतो. सातोशी फुरुकावा या जपानी अंतराळवीराने आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात राहून त्याच स्थानकाची ठोकळ्यांची प्रतिकृती जोडली. तुकडे तरंगत इकडेतिकडे जाऊ नयेत म्हणून त्याला बंद काचपेटीत हात घालून काम करावं लागलं. ते खरं स्थानकही असंच तुकड्यातुकड्यांनी उभं राहिलं. १९९८ च्या नोव्हेंबरात रशियाचा पहिला भाग वर गेला, दोन आठवड्यांनी अमेरिकेचा दुसरा गेला आणि दोन्ही वरच जोडले गेले.

खऱ्या यानांच्या सांध्यात एक प्रश्न जास्तीचा असतो. ठोकळ्याच्या वर खुंटी आणि खाली पोकळी असते. दोन ठोकळे खुंट्यांकडून समोरासमोर आणले तर जुळत नाहीत. १९७५ मध्ये अमेरिकेचं अपोलो आणि सोव्हिएत संघाचं सोयूझ जोडायचं ठरलं तेव्हा व्लादिमीर सिरोम्यातनिकोव्ह या अभियंत्याने दोन्ही बाजूंना सारखाच सांधा दिला. त्यातली कुठलीही बाजू पकडणारी होऊ शके. आपल्या इस्रोने ‘स्पेडेक्स’ या मोहिमेसाठी असाच समसमान सांधा वापरला. साधारण २२० किलोचे दोन उपग्रह ३० डिसेंबर २०२४ रोजी वर गेले आणि १६ जानेवारी २०२५ रोजी सुमारे ४७५ किलोमीटर उंचीवर एकमेकांना जोडले गेले. शेवटच्या टप्प्यात ते सेकंदाला सेंटिमीटरभर अशा वेगाने जवळ येत होते. १३ मार्चला ते सोडवलेही गेले. भारताचं स्वतःचं अंतराळ स्थानक २०३५ पर्यंत उभारायचं आहे आणि तेही असंच भागाभागांनी जोडलं जाईल.

मग आपल्याकडची मुलं १९७८ मध्ये काय जोडत होती? आयआयटी कानपूरमधून अभियंता झालेले अरविंद गुप्ता तेव्हा पुण्यात टेल्कोमध्ये नोकरीला होते. त्या वर्षी रजा घेऊन ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात शालेय विज्ञान शिक्षणाच्या कामात गेले. तिथल्या आठवडी बाजारातल्या वस्तूंतून त्यांनी एक बांधणीचं खेळणं शोधलं. काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, बस्स. नळीच्या छोट्या तुकड्यात दोन्हीकडून काड्या घातल्या की दोघांचा सांधा होतो. बाभळीच्या काट्याने नळीला आरपार भोक पाडून तिसरी काडी घातली की तिघांचा. नळ्या एकमेकींत ओवल्या की चौघांचा आणि पाचांचाही. ज्या वर्षी बिलुंडची यानं बाजारात आली, त्याच वर्षी हे घडलं.

मला गुप्तांचं खेळणं आपल्या शाळांसाठी जास्त मोलाचं वाटतं आणि त्याचं कारण फक्त स्वस्ताई नाही. ठोकळ्यात सांधा कारखान्यातून तयार येतो. काड्यांमध्ये तो मूल स्वतः बनवतं. तो कुठे फाटतो, कुठे सैल पडतो, कुठली काडी ताणली जाते, हे त्याच्या बोटांना कळतं.

हे काम पुढे महाराष्ट्रात, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेत रुजलं. कोल्हापूरचे जयंत नारळीकर १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने पाठवून मराठी वाचकांना अंतराळात घेऊन गेले होते. तेच या संस्थेचे संस्थापक संचालक होते. आयुकाच्या आवारात मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. तिची ‘पुलस्त्य’ ही इमारत पु. ल. देशपांडे यांच्या स्मरणार्थ सुनीताबाईंच्या पुढाकाराने उभी राहिली. गुप्तांनी तिथे दशकभराहून अधिक काळ काम केलं. विश्वाच्या रचनेवर संशोधन होतं त्याच आवारात सातवीतली मुलं टाकाऊ वस्तूंतून खेळणी बनवतात, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. गुप्तांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली.

करकंबच्या कुठल्याही शाळेत हे आजही करता येईल. सायकलच्या दुकानातून वीतभर व्हॉल्व्हची नळी आणा, बाभळीचे काटे बांधावर मिळतील. काड्यांचा गूल मोठ्यांनी आधी खरवडून टाकावा. पहिला त्रिकोण करा, मग चौकोन. चौकोन बोटाने ढकलला की कलतो, त्रिकोण हलत नाही. सहा काड्या आणि तिघांचे चार सांधे घेतले की चतुष्फलक तयार होतो. तोही हलत नाही. आता बारा काड्यांचा घन करा. तो कोसळेल. जेम्स क्लर्क मॅक्सवेलने १८६४ मध्ये याचा हिशेब मांडला होता. सांध्यांच्या संख्येची तिप्पट करून त्यातून सहा वजा करा. सांगाडा ताठ राहायला निदान तितक्या काड्या लागतात. चतुष्फलकाला सहा, बरोबर तेवढ्याच. घनाला आठ सांधे, म्हणजे अठरा काड्या हव्यात आणि आपल्याकडे बाराच आहेत. उरलेल्या सहा त्याच्या सहा बाजूंवर तिरप्या बसवा, प्रत्येकीवर एक. त्या दीडपटीहून थोड्या कमी लांबीच्या लागतात, म्हणून खराट्याच्या काड्या कापून घ्या. मग पाचांचे बारा सांधे आणि तीस काड्या घेऊन वीस त्रिकोणांचा गोलसर सांगाडा बांधा. त्याचाही हिशेब नेमका तीसच येतो. तो तळहातावर दाबून पाहा, मग त्यातली कुठलीही एक काडी काढा आणि पुन्हा दाबा.