लपायचं की सापडायचं?

ज्या पुस्तकात अणुहल्ल्यातून कसं वाचायचं याचंसुद्धा प्रकरण आहे, ते पुस्तक फोनमध्ये घेऊन मुलं राजमाचीला निघतात. मला हसू येतं, पण मी कुणाला टोकत नाही. ते पुस्तक मीही वाचलंय, आणि त्यातली मोजकी पानं नवख्या ट्रेकर्सना दर मोसमात शिकवते.

हे पुस्तक म्हणजे अमेरिकन लष्कराची ‘एफएम २१-७६’ ही पुस्तिका. १९५७ मध्ये निघाली, १९९२ मध्ये नव्याने लिहिली गेली, २००२ मध्ये क्रमांक बदलून आणखी जाड झाली. अमेरिकन सरकारच्या प्रकाशनांवर तिथे कॉपीराइट नसतो, म्हणून ती फुकट हातोहाती फिरते. तिच्या जोडीला जॉन ‘लॉफ्टी’ वाइजमन यांचं १९८६ चं हँडबुक. हे गृहस्थ एसएएस या ब्रिटिश लष्कराच्या विशेष दलात २६ वर्षं होते. जंगलात तगून राहण्यावरची जी पुस्तकं दुकानात दिसतात, त्यातल्या बऱ्याच पुस्तकांवर या दोन्हींची छाप आहे.

१९९२ च्या आवृत्तीत २३ प्रकरणं आहेत. निवारा, पाणी, आग, दिशा आहेतच. शिवाय सापळे आहेत, हाताने बनवायची हत्यारं आहेत, शत्रूच्या मुलखातून नजर चुकवून कसं सरकायचं तेही आहे. लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आहे तो विमान पडून परमुलखात अडकलेला वैमानिक. आपल्या माणसांखेरीज कुणाच्याही हाती त्याला लागायचं नाही, आणि सुटकेला किती आठवडे लागतील याचा भरवसा नाही. भीमाशंकरच्या रानात संध्याकाळी वाट चुकलेल्या माणसाचं नेमकं उलट असतं. गुराखी, वनरक्षक, पोलीस, बचाव पथक, जो कुणी येईल त्याला सापडायचं असतं, तेही शक्यतो उद्या सकाळपर्यंत. एवढं ध्यानात ठेवून पुस्तक उघडलं की कुठली पानं आपली आणि कुठली नाहीत हे समजायला वेळ लागत नाही.

अनोळखी वनस्पती खाता येईल का, हे ठरवायची त्यातली रीतच बघा. आधी आठ तास पोटात काही घालायचं नाही. पान, देठ, मूळ, फूल वेगळं करायचं आणि एका वेळी एकाच भागाची परीक्षा घ्यायची. मनगटाच्या किंवा कोपराच्या आतल्या बाजूला तो १५ मिनिटं लावून ठेवायचा. खाज नाही, पुरळ नाही, तर ओठाला ३ मिनिटं. मग जिभेवर १५ मिनिटं. मग चावायचा, पण न गिळता आणखी १५ मिनिटं तोंडात ठेवायचा. तरी काही झालं नाही तर गिळायचा आणि ८ तास थांबायचं. मग त्याच भागाचं पाव कप खायचं आणि पुन्हा ८ तास. एका पानाचा निकाल लागायला अख्खा दिवस जातो, आणि एवढ्या वेळात पायथ्याच्या गावचा माणूस येऊन, तुम्हाला घरी नेऊन, पिठलं-भाकरी वाढून मोकळा झालेला असतो. ज्याला महिनाभर रानात काढायचाय त्याच्यासाठी ही रीत ठीक. आपला प्रश्न एका रात्रीचा, आणि एका रात्रीत कुणी भुकेने मरत नाही. सापळ्यांचं प्रकरण तर मी उघडूच देत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ससा धरणं हासुद्धा गुन्हा होऊ शकतो.

खरी गल्लत होते ती भूगोलाची. वाट चुकलात तर पाण्याचा प्रवाह धरून खाली जा, वस्ती लागेल, हा सल्ला लष्करी परंपरेतून आलेल्या पुस्तकांत नेहमीचा. सपाट रानात तो खराही ठरतो. २४ डिसेंबर १९७१ रोजी पेरूमध्ये विमान कोसळलं आणि १७ वर्षांची युलियाना कोप्के एकटी वाचली. ११ दिवस ओढ्या-नदीच्या काठाने चालत ती माणसांपर्यंत पोचली. पण ते ॲमेझॉनचं खोरं होतं. सह्याद्री म्हणजे लाव्हाचे थरावर थर. इथला ओढा थोडा वेळ सरळ वाहतो, मग थराची कड येते आणि तो उडी मारतो. आपल्याला तशी उडी मारता येत नाही. पहिला दहा-बारा फुटांचा टप्पा माणूस घसरत उतरतो, तो पुन्हा चढता येत नाही, आणि पुढचा टप्पा दोनशे फुटांचा निघतो. वर जाता येत नाही, खाली जाता येत नाही, अशा जागी अडकलेल्यांना काढायला दोर लावावे लागतात. म्हणून मी उलट सांगते: चुकलात की शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत मागे या. ते जमत नसेल तर उजेड असेतो मोकळी, दिसेल अशी जागा गाठा आणि बसून राहा.

दिशेचंही तसंच. घड्याळाचा तासकाटा सूर्याकडे धरून उत्तर-दक्षिण काढायची युक्ती मुलांना फार आवडते. ती समशीतोष्ण मुलखासाठी आहे. आपल्याकडे मेच्या मध्यावर शून्य सावली दिवस येतो, सूर्य अगदी डोक्यावर. तेव्हा काटा रोखायचा कुठे? ध्रुवतारा मात्र चालतो. तो आपल्याकडे क्षितिजापासून १८-१९ अंशांवर असतो, म्हणजे हात लांब करून एकावर एक धरलेल्या दोन मुठींएवढा वर. उत्तरेला डोंगर आडवा आला की तोही गेला. शेवाळावरून उत्तर ओळखता येत नाही, हे त्या पुस्तिकेतच लिहिलंय. श्रावणात ते इथे झाडाच्या चारी अंगांनी असतं.

सापाबद्दल मात्र जुन्या आवृत्त्या सरळ बाजूला ठेवा. चीर पाडणं, विष ओढून काढणं, आवळपट्टी बांधणं यातलं काहीही करायचं नाही. चावलेला हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, अंगठी-कडं काढायचं, माणसाला धीर द्यायचा आणि उचलून जिथे प्रतिविष मिळतं अशा सरकारी दवाखान्यात न्यायचं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर ते एकच औषध चालतं.

संकेतांचं प्रकरण मी पुरतं वाचून घेते. आगीच्या तीन ढिगांचा त्रिकोण, एकमेकांपासून २५ मीटरवर, ही जगभर ओळखली जाणारी हाक आहे. मार्चमधल्या वाळक्या गवताच्या पठारावर मात्र तिचा वणवा होईल, आणि कड्यावर आग्या मोहोळ असेल तर धुराने दुसरंच संकट अंगावर येईल. आपल्यासाठी शिट्टी बरी. डोंगरातला नियम सोपा: मिनिटात सहा वेळा वाजवा, एक मिनिट थांबा, पुन्हा सहा. रात्री हेच टॉर्चने करा. ओरडून घसा तासाभरात बसतो.

आणि मनाबद्दलचं प्रकरण. मुलं ते ओलांडून थेट सुऱ्यांच्या चित्रांवर जातात, पण माझ्या मते अख्ख्या पुस्तकाची किंमत तिथेच वसूल होते. भीती, राग, एकटेपणा, मागे राहिलेल्यांबद्दलची अपराधी भावना हे सगळं येणारच, असं त्यात आधीच बजावलंय. आलं म्हणजे तुम्ही कच्चे ठरत नाही. त्याआधीच्या, पहिल्याच प्रकरणातल्या आठ कलमांत घाई करू नका, आपण कुठे आहोत ते विसरू नका, घबराट आवरा हे येतं. सातवं कलम आहे: तिथल्या माणसांसारखं वागा. आमच्याकडे याचा अर्थ अगदी रोकडा. एप्रिलमध्ये ठाकरवाडीतला माणूस उन्हं चढायच्या आत वर पोचलेला असतो आणि दुपारी सावलीला बसतो. शहरातली मंडळी भर बाराला अर्ध्या बाटलीवर खिंड चढत असतात.

वैमानिकाचा मार्ग तळावर आधीच नोंदलेला असतो, आपला नसतो. म्हणून कुठल्या वाटेने चढणार, कुठल्या वाटेने उतरणार, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर ११२ ला कळवायचं, हे घरी कागदावर आणि पायथ्याच्या गावात तोंडी सांगून निघायचं.

परवा एक मुलगा आला. कमरेला वीतभर पात्याचा सुरा, मनगटाला पॅराकॉर्डचं कडं, गारगोटी, माशाचे गळ. पाणी एक लिटर. शिट्टी विचारली तर सॅकच्या तळातून, रेनकोटच्या खालून काढून दाखवली. ती मी तिथल्या तिथे त्याच्या सॅकच्या खांद्याच्या पट्ट्याला बांधायला लावली. दरीत घसरलेल्या माणसाचा एक हात मोडलेला असू शकतो, आणि सॅक एका हाताने उघडत नाही.